कॅम्पसवरची मांजरं: कोकणात नव्यानं शिकायला आलेल्यांसाठी

दापोलीचं कृषी विद्यापीठ घ्या, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय घ्या, नाहीतर तळकोकणातलं एखादं लहानसं कॉलेज. मेसच्या मागच्या दाराशी दोन-चार मांजरं बसलेली दिसणारच. ऐन पावसाळ्यात प्रवेश होतात, नवी मुलं येतात, आणि घरची आठवण छळत असते त्या दिवसांत कोणीतरी दुधाची वाटी घेऊन मांजरांपाशी जातं. तिथून लळा लागतो. तीन-चार वर्षांनी पदवी हातात घेऊन ती मुलं मुंबई-पुण्याला निघून जातात. मांजर तिथंच राहतं, त्याच दाराशी, त्याच वेळेला.

मी अशा एका कॅम्पसवर आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग नोकरीत, मिळून अकरा वर्षं काढली. त्या काळात जे शिकले ते इथं क्रमानं लिहिते आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार धरा: तुम्ही जाणार आहात, मांजर राहणार आहे. तुमच्या माघारीही चालू राहील तेवढंच सुरू करा.

पहिला आठवडा: नुसतं बघा

लगेच खायला घालू नका. आठवडाभर बघत राहा. सकाळी मेसमध्ये फोडणी पडते तेव्हा कोण येतं, दुपारी ऊन तापल्यावर पार्किंगमध्ये कोण झोपतं, संध्याकाळी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, कोण बसतं, हे एका वहीत मांडा. प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेपटीसकट. काळ्या-पांढऱ्या मांजरांत हमखास घोळ होतो, दोन मांजरं एकच वाटतात. तो घोळ फोटोंमुळे सुटतो.

भाटी (मादी) की बोका हे लांबूनही बरंचसं कळतं. काळा, तांबूस आणि पांढरा असे तीन रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटी. पूर्ण तांबूस असेल तर बहुधा बोका. पाचांत चार तरी बोकेच निघतात. गाल फुगलेले, मान जाड, अंगावर ओरखडे असतील तर तो नसबंदी न झालेला मोठा बोका. आणि कान बघायला विसरू नका. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर त्या मांजराची नसबंदी कोणीतरी आधीच करून दिलेली आहे. ती खूण भूल दिलेली असतानाच करतात, त्यामुळे मांजराला त्रास होत नाही, आणि पुन्हा त्याला पकडून दवाखान्यात नेण्याची चूक टळते.

मग मेसच्या मावशींना विचारा. वॉचमन काकांना विचारा. जी माहिती तुम्हाला महिनाभर बघूनही मिळणार नाही ती त्यांच्याकडे तयार असते. "ती काळी? ती शिमग्यात व्यायली हो. तीन झाली होती, एकच राहिलंय." एवढ्या दोन वाक्यांत तुमचं निम्मं काम झालेलं असतं. शिवाय मांजरांना आधीपासून कोण खायला घालतं हे कळतं, आणि त्या माणसाला बाजूला सारून तुम्ही नवं काही सुरू करत नाही हे त्यालाही दिसतं.

एक खबरदारी खास आपल्याकडची. अंधार पडल्यावर आंब्या-फणसाच्या झाडावरून नाहीतर कौलांवरून जाणारं, निमुळत्या तोंडाचं आणि लांबलचक शेपटीचं जे जनावर दिसतं ते उदमांजर. माळ्यावर त्याची पिल्लं सापडली तर मांजराची समजून उचलून आणू नका. उदमांजर काय किंवा रानमांजर काय, दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. जागेवरच राहू द्या आणि शंका असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मैत्री

जागा एक, वेळ एक, आणि सुरुवातीला माणूसही एकच.

जागा मेसच्या गर्दीपासून आणि रस्त्यापासून आत असावी, आणि मांजराला पळून जायला दोन वाटा मोकळ्या असाव्यात. भिंतीच्या कोपऱ्यात वाटी ठेवली तर मांजराला कोंडल्यासारखं होतं, भूक असूनही ते येत नाही. खाणं ठेवून दहा-बारा पावलं मागे या आणि खाली बसा. उभा माणूस मांजराला फार मोठा दिसतो. त्याच्याकडे टक लावून बघू नका. मांजरांमध्ये टक लावणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पुस्तक वाचा, उद्याच्या जर्नलच्या आकृत्या काढा. ते खाऊन निघून गेलं की उठा. दुसऱ्या दिवशी हातभर पुढे बसा. खाता खाता थांबून ते मान वर करायला लागलं, कान मागे गेले, तर समजा आज घाई झाली. उद्या परत कालच्या जागेवर.

नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटा, क्षणभर तसेच ठेवा आणि हळूच उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे पडताळून पाहिलं होतं: अनोळखी माणसानं असे सावकाश डोळे मिटले तर मांजर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे यायला अधिक तयार होतं. एखाद्या दिवशी समोरूनही तसेच डोळे मिटले जातात. तेव्हा तुम्हाला पुढची पायरी चढायला हरकत नाही.

जांभी नावाची आमची एक तीनरंगी भाटी होती. अंगावरचा तांबूस रंग अगदी जांभ्या दगडाचा, म्हणून जांभी. ग्रंथालयामागच्या गडग्यावर ती बसायची आणि मी रोज संध्याकाळी साडेपाचला जायचे. एकोणिसाव्या दिवशी पाऊस नुकताच उघडला होता, कौलांच्या पागोळ्या अजून टपटपत होत्या, गडग्यावरचं शेवाळ ओलं होतं. मी तर्जनी पुढे केली, तिच्या नाकाच्या उंचीला, आणि तशीच धरून ठेवली. तिनं पाय न हलवता मान लांब केली. मिश्या पुढे आल्या. थंड, ओलं नाक बोटाच्या टोकाला टेकलं, आणि मग तिनं गाल बोटावरून घासत नेला, ओठाच्या कोपऱ्यापासून थेट कानापर्यंत. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. असं घासून ते आपला वास तुमच्यावर ठेवतं, तुम्हाला ओळखीच्यांत घेतं. दुसऱ्याच क्षणी ती मागे सरली आणि पंजा चाटायला लागली. मी हात पुढे नेला नाही. त्या दिवशी तिथंच थांबले म्हणून विसाव्या दिवशी ती आपण होऊन उतरून आली.

हात लावायची वेळ आली की गाल, हनुवटी, दोन कानांमधली जागा, एवढंच. पोट नको, पंजे नकोत, शेपटीचं मूळ नको. मांजर उताणं पडून पोट दाखवतं ते विश्वासानं, पण ते हात लावायचं आमंत्रण नव्हे. बहुतेक नवखी मुलं पहिला ओरखडा इथंच खातात. दोन-तीनदा कुरवाळून हात मागे घ्या आणि बघा. मांजर पुढे आलं तर आणखी थोडं. शेपटीचं टोक आपटायला लागलं, पाठीवरची कातडी थरथरली, कान आडवे झाले, तर ताबडतोब थांबा. शेपटी काठीसारखी ताठ उभी आणि टोक किंचित वळलेलं, अशी चाल करून ते तुमच्याकडे आलं की समजा, नमस्कार झाला.

काही मांजरं कधीच हात लावू देत नाहीत. पिल्लू साधारण दोन ते सात-आठ आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा सहवास मिळाला नाही तर मोठेपणी ते माणसाळणं फार अवघड असतं. अशा मांजराच्या मागे लागू नका. दहा फुटांवर बसून ते निवांत खातंय, ही त्याच्याकडून मिळालेली पूर्ण मैत्री आहे. त्याची काळजीही तितकीच घ्यायची.

खायला काय, किती, कसं

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, आणि वाटी समोर आली तर ते पिणारही. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, दुसऱ्या दिवशी हगवण लागते. दुधाऐवजी पाणी ठेवा, मातीच्या पसरट भांड्यात, खाण्यापासून थोडं दूर. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते प्राणिज अन्नातच असतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. म्हणून नुसता आमटीभात किंवा दहीभात घालून पुण्य लागलं असं समजू नका. कुत्र्यांसाठीचं खाणंही कायम चालत नाही, त्यात मांजराला लागेल तेवढं टॉरिन असेलच असं नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे मांजरांसाठीचं कोरडं खाणं: मध्यम अंगाच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ वाटून. सोबत जमेल तेव्हा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं किंवा मासळी.

मासळीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण कोकणात सगळे पहिल्यांदा तीच देतात. बांगडा, पेडवे, जे स्वस्त असेल ते बिनमिठानं उकडा, काटे काढा, मग द्या. रोज कच्ची मासळी नको. काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते उकडल्यावर निष्प्रभ होतं. सुकट आणि खारवलेले बोंबील यांत मीठ इतकं असतं की मांजराच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. आणि मेसच्या ताटातलं उरलेलं कालवण तर अजिबात नको. त्यात कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं हा दोष जात नाही. शिजलेल्या कोंबडीची हाडंही ताटातून उचलून टाकू नका, ती टोकदार फुटतात.

आता वर्षाचं गणित बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंदी असते, जेटीवर सामसूम, मेसमध्ये मासळी नाही. पाठोपाठ श्रावण, तेव्हाही नाही. मग गणपती, आणि अर्धं कॅम्पस गावाला. म्हणजे बाहेर पाऊस कोसळत असतो त्याच तीन-चार महिन्यांत कॅम्पसच्या मांजरांचा नेहमीचा घास तुटतो. कोरड्या खाण्याचा मोठा साठा मे महिन्यातच करून ठेवा, तोही घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण आपल्या हवेत उघडी पिशवी बघता बघता बुरसते. बुरसलेलं खाणं वास घेऊन ओळखा आणि फेकून द्या, वाया गेलं म्हणून हळहळू नका.

खाणं ठेवलं की अर्ध्या तासात उरलेलं उचला. हा नियम मोडू नका. उरलेल्यावर कावळे आणि कुत्रे येतात, रात्री उंदीर येतात, आणि उंदरांमागून घोणस आणि नाग. ज्या कॅम्पसच्या कडेला रान आहे तिथं अंधार पडल्यावर खायला घालूच नका. तिथं कुत्री-मांजरं रोज एका जागी जमली की बिबट्यालाही ती जागा कळते. वाटीला मुंग्या लागत असतील तर आजी दुधाच्या पातेल्याला करायची तेच करा: मोठ्या थाळीत पाणी घालून त्यात वाटी ठेवा.

पावसाळ्याचा निवारा

मांजराला पावसाचं पाणी नको असतं, आणि कोकणात ते चार महिने पडतं. मासळी बाजारातून थर्माकोलचे जुने खोके मिळतात. एक खोका स्वच्छ धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, बाजूला वीतभर रुंदीचं भोक पाडा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि वर प्लॅस्टिक ओढा. खोका जमिनीवर ठेवू नका. दोन-तीन चिऱ्यांवर ठेवा, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला करा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. आत जुनी चादर किंवा गोणपाट टाकायचा मोह होतो, पण कापड ओल धरून ठेवतं आणि दोन दिवसांत कुबट होतं. भाताचा सुका पेंढा घाला आणि आठवड्यानं बदला. हात आत घालण्याआधी काठीनं ढवळून बघा. फुरसं हा विषारी साप आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर आहे आणि त्यालाही कोरडी जागाच हवी असते.

पावसात मांजरं गाड्यांच्या खाली, कधी इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात. स्टाफच्या पार्किंगमध्ये एक कागद लावा: गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. एवढ्यानं जीव वाचतात.

नसबंदी

खायला घालणं मनाला बरं वाटतं म्हणून सगळे करतात. नसबंदीचं काम धावपळीचं असतं, पण खरी काळजी म्हणतात ती हीच. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत वितेच, तीन ते पाच पिल्लं होतात, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही नुसतं खायला घालत राहिलात आणि हे केलं नाहीत, तर दोन वर्षांनी चाराची बारा होतात. मग आजार पसरतात, तक्रारी होतात, आणि एके रात्री कोणीतरी पोत्यात घालून त्यांना लांब सोडून येतं.

सुरुवात भाट्यांपासून करा. एक बोका राहिला तरी चालेल, एक भाटी राहिली तर चालत नाही.

आधी दवाखाना पक्का करा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन भेटा. तिथं गुरांचं काम जास्त असतं, मांजराची शस्त्रक्रिया होईलच असं नाही, पण जवळपास ती कोण करतं हे तिथंच कळतं. खाजगी डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा की मांजर पाळीव नाही, कॅम्पसवरचं आहे, टाके विरघळणारे घाला आणि डाव्या कानाची खूण करा. खर्च विचारून घ्या, वर्गणी काढा, पावत्या वहीत चिकटवा. मांजरं जास्त असतील तर दोघा-तिघांची तारीख एकाच दिवशी मागा. घाटवळणाच्या रस्त्यानं तासभर गाडी न्यायची तर एका फेरीत जेवढी होतील तेवढी बरी.

पकडण्याची तयारी दहा दिवस आधी सुरू होते. कॅट कॅरिअर असेल तर उत्तम. नसेल तर आंब्याचे दोन प्लॅस्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून एका बाजूनं पट्ट्यांनी बांधा, पेटीसारखी उघडझाप होईल असे. ते रोजच्या खाण्याच्या जागी उघडे ठेवा आणि वाटी रोज थोडी थोडी आत सरकवा. दहाव्या दिवशी मांजर आत बसून खात असतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला उपाशी ठेवायचं असतं, किती तास ते डॉक्टर सांगतील. म्हणून आदल्या संध्याकाळीच त्याला आत घेऊन कोंडावं लागतं. क्रेट बंद केला की त्यावर लगेच जाड चादर टाका. जांभीला नेलं त्या दिवशी चादर पडेपर्यंत ती क्रेटवर आदळत होती. अंधार झाला आणि एकदम गप्प बसली. गाडीत मी क्रेटला हात लावून बसले होते, आणि चादरीतून तिच्या श्वासाची ऊब तेवढी हाताला लागत होती. रेडिओ लावू नका, चादर उचलून बघू नका, मानगूट धरून कोणाला दाखवू नका.

शस्त्रक्रियेनंतर मांजर शुद्धीवर येईपर्यंत त्याचं अंग गार पडतं. कोरड्या, बंद खोलीत वर्तमानपत्रांवर ठेवा, बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, पंखा बंद. नीट उभं राहायला लागल्याशिवाय खायला-प्यायला नाही. बोक्याला दुसऱ्या दिवशी सोडता येतं. भाटीला निदान दोन-तीन दिवस, शक्य असेल तर आठवडाभर ठेवा. पावसाळ्यात तर आठवडाच, कारण ओल्या गवतातून फिरून टाक्यांत पू होतो. वॉर्डनना विनंती करून अडगळीची एक खोली मागून घ्या. सोडताना पकडलं त्याच जागी सोडा. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असतानाच रेबीजची पहिली लस टोचून घेतली तर तिच्यासाठी वेगळं पकडावं लागत नाही. पुढे ती दरवर्षी द्यायची असते.

पिल्लं दिसली तर

थांबा. पहिल्या वर्षी मी इथं चुकले आणि ते अजून मनात आहे. प्रयोगशाळेच्या पडवीत, खोक्यांच्या मागे तीन पिल्लं ओरडत होती, आई दिसेना, म्हणून मी ती खोलीवर आणली. संध्याकाळी त्यांची आई तिथं आली. ती रात्रभर पडवीत फिरत होती, खोक्यांत डोकं घालून हाका मारत होती. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन काकांनी सांगितलं. मी धावत पिल्लं परत नेली, पण एक तोवर गारठून गेलं होतं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. एकेक पिल्लू तोंडात धरून नेताना मधली काही एकटी राहतात, किंवा आई शिकारीला गेलेली असते. लांबून तीन-चार तास लक्ष ठेवा. पिल्लं गुबगुबीत आणि शांत असतील तर आई आहे. भिजत असतील तर जवळच कोरड्यात सरकवा, खोलीवर नेऊ नका. खरोखरच आई मेली असेल तर आधी ऊब, मग खाणं. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची दुधाची पावडर डॉक्टरांकडून घ्या, आणि पिल्लाला पालथं ठेवूनच पाजा, बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. अगदी लहान पिल्लांना शी-शू आपोआप होत नाही. आई चाटून करवते, ते काम ओल्या कापसानं तुम्ही करायचं.

आजार आणि चावा

हे थोडक्यात, पण घोटून ठेवा. बोका सारखा बसून जोर करतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तरी थांबू नका. पिल्लं एकामागून एक उलट्या-हगवणीनं आजारी पडत असतील तर पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या आजाराची शंका धरा. तो विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकतो, म्हणून ती जागा आणि भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवा. फिनाईल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं.

आपल्या गोळ्या मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्यांसाठीची गोचिडाची औषधंही नकोत, त्यांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. खरजेवर करंजाचं किंवा कडुलिंबाचं तेल चोळायचा सल्ला गावात मिळेल. मांजर सगळं चाटतं आणि ते पोटात जातं, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. मेसमध्ये उंदरांचं विष टाकतात का, तेही विचारा. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर ते मरू शकतं. दवाखान्यापर्यंत नेता येत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक लावून बघा.

तुम्हाला चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं, तर मांजर कितीही लाडकं असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. हळद, चुना, काही लावू नका. रेबीज एकदा दिसू लागला की त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस तो टाळते. मांजरांचं काम नियमित करणाऱ्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवावी, डॉक्टरांशी बोलून. शी उचलताना हातमोजे घाला, हात धुवा, आणि कोणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका.

माणसांची परवानगी

लपूनछपून केलेलं काम नव्या वॉर्डनच्या एका सहीनं बंद पडतं. प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना लेखी अर्ज द्या: किती मांजरं आहेत, किती जणांची नसबंदी झाली, खाण्याची जागा कोणती, सफाई कोण करतं. काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या युनिटला जोडता आलं तर फार चांगलं. तिथं स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास सेवा करायचीच असते, आणि युनिट दरवर्षी नव्या मुलांनी भरतं. एवढी चांगली सोय दुसरी नाही.

ज्यांना मांजरं आवडत नाहीत त्यांच्या तक्रारी मनावर घ्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. रोपवाटिकेच्या वाफ्यात मांजरं घाण करतात, कारण त्यांना भुसभुशीत माती हवी असते. छपराखाली दोन-तीन फुटांचा वाळूचा कोपरा करून द्या आणि रोज साफ करा, वाफे सुटतात. पण कोणी विष घालण्याची किंवा पोत्यात भरून सोडण्याची भाषा करत असेल तर कायदा शांतपणे सांगा: प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. बहुतेक वेळा तेवढं बोलणं पुरतं.

सुट्ट्या आणि वही

गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना. या चार वेळा कॅम्पस ओस पडतं आणि मेस बंद होते. प्रत्येक सुट्टीच्या पंधरा दिवस आधी ठरवा की थांबणारं कोण. बहुधा वॉचमन काका, क्वार्टरमधलं एखादं कुटुंब, नाहीतर संशोधनाची मुलं. त्यांच्याकडे दिवसाच्या हिशेबानं खाण्याच्या पुड्या बांधून द्या, डबा देऊन "बघा हं जरा" म्हणून जाऊ नका. परत आल्यावर त्यांच्यासाठी घरून काहीतरी आणा.

शेवटच्या वर्षी निदान दोन धाकटी मुलं सोबत घ्या आणि पूर्ण एक सत्र त्यांना बरोबर न्या. मांजरांना त्यांचा वास आणि आवाज ओळखीचा व्हायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या महिन्यात वाटी त्यांनी ठेवायची, तुम्ही मागे बसायचं. मांजर सोबत घेऊन जायचा विचार करत असाल तर ते माणसाळलेलं आहे का आणि तुमच्या भाड्याच्या घरात ते बंद राहील का, हे आधी बघा. वर्षानुवर्षं गडग्यावर बसलेल्या मांजराला चौथ्या मजल्यावरची खोली सोसत नाही.

आणि वही द्या. प्रत्येक मांजराला एक पान: फोटो, नसबंदीची तारीख, लस, सवयी, कोणाला बुजतं. आमच्या वहीतलं जांभीचं पान मी जाताना असं लिहून दिलं होतं: "जांभी. तीनरंगी भाटी. डावा कान कापलेला. वय अंदाजे नऊ. डावीकडची मागची दाढ पडली आहे, खाणं भिजवून द्यावं. ग्रंथालयामागचा गडगा, संध्याकाळी साडेपाच. पाऊस असेल तर झेरॉक्सच्या दुकानाची पडवी. बोट पुढे करा आणि थांबा, ती येते."